तीन अक्षरांची जागा

७ सप्टेंबर, रविवार. मानोरा

सकाळी भांडे घासून राह्यली होती तं शेजारच्या घरातून अण्णाचा आवाज आला. हात थांबले. अण्णाले जाऊन अकरा वर्षं झाली.

शेजारीण मोबाइल घेऊन ओट्यावर आली. म्हणे, "वंदनाताई, हे गाणं तुमच्या भावाचं न? लय चालून राह्यलं."

भावाचं! गाणं 'पाटी'. गाणारे माहे वडील, शाहीर किसन, इंझोरीचे. पण खाली लिहिलेलं : 'शब्द व चाल' अन् पुढं चुलतभावाचं नाव. 'दुर्मिळ जुनी ध्वनिफीत', त्याच्या चॅनलवर. शेवटच्या कडव्यात अण्णा 'किसन सांगे' म्हणत. तिथं आता 'दिलीप सांगे'. तीन अक्षरं काढली, तीन बसवली. चाल कुठंच लंगडत नाही.

यापुढे या वहीत तो फक्त दि. त्यानं अण्णाचं नाव ठेवलं नाही, मी त्याचं पुरं काहून लिहू?

८ सप्टेंबर, सोमवार

दि.ले फोन. आपल्या इकडच्याच मालेगावात त्याचा आता स्टुडिओ आहे म्हणते.

"वंदे, अण्णाच मले म्हणत, हे गाणं तुह्या नावानं चालव."

"कवा म्हणत?"

"तू नव्हती तवा. अन् तुह्यापाशी पुरावा काय हाय?"

पुरावा. अण्णा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, लोक जेवत असताना, यानंच वह्या-कॅसेटची पेटी गाडीत घातली. "स्मारक करू" म्हणे. सहा महिन्यांनी म्हणे, पेटीत पाणी शिरलं. मी काहीच बोलली नाही. मी एकोणीस वर्षांची असताना यानं मले गाण्याच्या पार्टीतून काढलं, "बाईच्या आवाजानं पार्टी पडते" म्हणून, तवाही बोलली नाही.

दोनदा गप्प राह्यली. आता नाही. त्याले चार लोकांत तोंड दाखवाले जागा ठेवणार नाही. लिहून ठेवतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

मधल्या सुट्टीत राठोड सरांले सांगतलं. विज्ञानाचे मास्तर, तांड्यावर राहतात, हेडफोनचं भारी वेड. गाणं ऐकून म्हणाले, "मॅडम, मोबाइलच्या स्पीकरवर चोर सापडत नसतो."

त्यांनी नवीन घेतली म्हणून आवाजाची जुनी डबी मलेच देऊन टाकली. काड्यापेटीहून थोडी मोठी, काळी, जड. मोबाइलमधे गाणं आकड्यांत राहते, त्या आकड्यांचा आवाज करते ते डॅक. तो आवाज हेडफोनच्या ताकदीचा करते ते अँप. दोन्ही एकाच डबीत. सोबत त्यांचा मोठा, कान झाकणारा हेडफोन. "हा वापस पाहिजे बरं," म्हणाले.

१२ सप्टें.

डबी मोबाइलले लावली. मुकी. दिवा लागते, आवाज नाही. तासभर डोकं खाजवलं. माय जवारी निवडता निवडता म्हणे, "देऊन टाक वापस, तुह्याच्यानं नाही होत."

१३ सप्टें., शनि.

मोबाइलच्या दुकानात कळलं, माही वायर फक्त चार्जिंगची. गाणं जाणारी वायर वेगळी, ओटीजीची. घेतली. तरी मुकी. मग कागद वाचला : डबीले दोन सारखेच भोक, एक चार्जिंगचं, एक गाण्याचं. मी चार्जिंगच्या भोकात गाणं घालून राह्यली होती. शाळेत पोरांले म्हणतो, सूचना वाचा आधी!

१४ सप्टें., रवि.

ऐकलं.

अण्णाचा श्वास ऐकू येते. बाजाच्या पेटीचा भाता एका जागी फाटका होता, त्याची फूस-फूस. तबल्यावर बोट घासल्याचं. अण्णा माह्यापासून हातभर दूर बसले हायत, असं.

मग शेवटचं कडवं. 'दिलीप' या शब्दापाशी तबल्याचा घुमारा कापल्यासारखा तुटते, भाता बंद पडते, खोलीच बदलते. तीन अक्षरांपुरती दुसरीच खोली. 'सांगे' ले पुन्हा आपली जुनी खोली.

रडू आलं नाही. दात आवळले गेले. चोराचा पाय चिखलात सापडला.

१७ सप्टें.

शाळेच्या लॅपटॉपले डबी लावून तोच तुकडा वीसदा फिरवला. मोबाइलपेक्षा बरं, पाहिजे तिथं थांबवता येते. सेकंद लिहून घेतले. बिनवायरीनंही लावून पाह्यलं, काम सोपं पण जोडाची कड बोथट होते. सरांले विचारलं तं म्हणाले, बिनवायरीत आवाज आवळून पाठवतात, बारीक गोष्टी गळतात. म्हणजे वायरच.

पण सर म्हणाले ते खरं : "इथं काही चिकटवलं एवढंच सिद्ध होते. खाली काय होतं ते नाही."

दि. म्हणेल, तिथं कोणी खोकललं होतं. मूळ कॅसेट पाहिजे. ते त्याच्याच घरी.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र दिन. विहारात बुद्धवंदना झाली अन् भोंग्यावर 'पाटी' लागलं. बायका सोबत गाऊन राह्यल्या होत्या, 'दिलीप सांगे'. मग माइकवरून : येत्या २३ नोव्हेंबरले मालेगावात 'पाटी'चे गीतकार म्हणून दि.चा सत्कार.

माय पांढऱ्या पातळात बाजूले बसली होती, समोर पाहत.

घरी आल्यावर मायनं गोधड्यांखाली हात घातला. जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेली एक कॅसेट.

"हे पाहिजे काय तुले?"

म्हटलं, "पेटी तं त्यानं नेली न?"

"पेटी नेली. पेटीत याची नक्कल होती. हे मूळची मी कमरेले खोसली होती."

"मंग अकरा वर्षं सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं कवा?"

५ ऑक्टो., रवि.

मुख्याध्यापकांले विचारून शाळेच्या स्टोअरमधला टेप घरी आणला. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. राठोड सरांनी दुसरा बसवला, फीत जिथं घासते ते हेड स्पिरिटनं पुसलं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून डबीच्या बाजूच्या भोकात वायर. इथं आकडे नाहीत, नुसता आवाज, म्हणून डॅकचं काम नाही. फक्त अँप.

लावलं तं नुसती घूंऽऽऽ. सरांनी टेपची पिन भिंतीतून काढली, सेल घातले. घूं गेली. तरी अण्णा गोधडीतून बोलल्यासारखे. सर म्हणाले, हेड तिरपं आहे. बारीक पेचकस लावून हेडजवळचा स्क्रू फिरवू लागले. हेडफोन माह्या कानात.

"आता?"

"नाही."

"आता?"

"थांबा! थोडं मागं. हां, तिथंच!"

गोधडी निघाली. अन् शेवटी, त्याच खोलीत, त्याच श्वासात, 'किसन सांगे'.

सरांच्या हातात हेडफोन देला. ऐकून त्यांनी नुसती मान हालवली. मग म्हणाले, "कॉपी करून ठेवा."

कॉपी कायले? त्याच्या खांद्यावर शाल पडली की हेच वाजवतो, साऱ्या मालेगावासमोर. दुसऱ्या कशानं माहं पोट भरणार नाही.

९ ऑक्टो.

संयोजकांले फोन केला. गीतकाराची बहीण म्हणून दोन शब्द बोलायचे आहेत, शाहिरांची जुनी आठवण ऐकवायची आहे. खूश झाले.

दि.लेही फोन केला. अभिनंदन म्हटलं. "झालं गेलं सोडू." तो विरघळला. म्हणे, "वंदे, तू येशीन तं बरं वाटन मले." इतकं गोड बोलली की फोन ठेवल्यावर चूळ भरली.

१९ ऑक्टो., रवि.

शाळेले सुट्ट्या. दुपारी कॅसेट लावली. रोज गाणं संपलं की बंद करतो. आज दारात शेजारीण आली, टेप चालूच राह्यला. वापस येऊन हेडफोन घातला तं कॅसेट पुढं बोलून राह्यली होती.

तालमीचं रेकॉर्डिंग, गाण्याच्या आधीचं; पुरं गाणं मागून कॅसेटच्या सुरुवातीले भरलं असन. कॅसेट चालू ठेवून अण्णा गाणं जुळवत होते. तबला ठोकून पाहणं, पितळेचं भांडं, फुंकणीची फुंक. मागं कोणीतरी बोलते. डबीचं बारीक बटन जास्त ताकदीकडं सरकवलं, आवाज चढवला.

अण्णा : "पाटी पुसली तरी... पुढं काय?"

बाईचा आवाज, लांबून, धुरात खोकत : "अक्षर राह्यलं."

अण्णा गातात : 'पाटी पुसली तरी बाई, अक्षर राह्यलं...' अन् थांबतात.

तोच आवाज : "चुलीच्या उजेडात म्या ते पाह्यलं."

अण्णा तेच गातात. मंग पुढची ओळ तिची, मंग हे गातात. एक कडवं. दुसरं. सारं.

मग अण्णा : "अन् शेवटी?"

"शेवटी तुमचं नाव घाला. माहं बी बसते, तीन अक्षरी हाय. पण घाला तुमचंच."

अण्णा हसतात. "तुहं कोण आयकते!"

शेवंता. माह्या मायचं नाव शेवंता.

हेडफोन काढला. माय मागच्या आंगणात पापडीच्या शेंगा तोडून राह्यली होती.

२० ऑक्टो.

विचारलं.

"हो. मीच सांगत होती."

"एकच गाणं?"

"सारेच. तुह्या बापाले गळा होता. शब्द नव्हते."

"अन् तू कोणाले सांगतलं नाही?"

"कोणाले सांगू? सारं गाव म्हणे किसन शाहीर. मी भाकरी टाकू टाकू सांगत जाओ, तो गाऊ गाऊ मोठा झाला. एक डाव म्हटलं, स्टेजवर निदान सांगा, बाईनं जुळवलं. तीन दिवस जेवला नाही माह्या हातचं."

चुलीच्या उजेडात म्या ते पाह्यलं. पन्नास वर्षांची मास्तरीण मी. पोरांले कवितेतला 'मी' कोण ते ओळखाले लावतो. अण्णा चुलीपाशी कवा बसले, हे कधी विचारलं नाही.

मग ध्यानात आलं. "माय, तुले माहीत होतं या कॅसेटवर काय हाय ते."

माय शेंगा सोलत राह्यली. "म्हणूनच तं देली. तुह्या मशीनीत सारं आयकू येते म्हणत होती न तू."

"मंग आता?"

"मंग वाजव. त्याचं बी निघू दे अन् तुह्या बापाचं बी. सारं वाजव. मी समोर बसतो."

तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. माह्या रागाले दीड महिना झाला. तिच्या रागाले पन्नास वर्षं.

२ नोव्हेंबर, रवि.

इंझोरीले गेली होती. अण्णाच्या नावाचं वाचनालय. दारावर 'शाहीर किसन'. आत दोन पोरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राह्यल्या होत्या. एक उठून म्हणे, "मॅडम, तुमच्या वडिलांचं गाणं आमी प्रार्थनेच्या वेळी म्हणतो."

तिले काय सांगू?

येताना बसमधे अण्णाचा इतका राग आला की खिडकीकडं तोंड करून बसली. मले अक्षर ओळख त्यांनीच देली, सायकलवर पुढं बसवून शाळेत नेलं. अन् मायले एक ओळ नाही.

पण दि.! दि. सुटला काय यातून? चोरानं चोराच्या घरी चोरी केली तरी चोरच. आधी तो. अण्णाचं पाहू मागून.

१६ नोव्हें., रवि.

मालेगावच्या साऊंडवाल्याकडं जाऊन तयारी केली. टेप सेलवर, तिथून डबी, डबीतून बारीक पिन निघते अन् दुसऱ्या टोकाच्या दोन मोठ्या पिना त्याच्या मिक्सरमधे. डबीचा आवाज अर्धा ठेवायचा, नाही तं भोंगा फाटते. साऊंडवाला म्हणे, "ताई, मोबाइलवरून लावा न, कायले एवढी खटपट?" म्हटलं, लोकांनी कॅसेट फिरताना पाह्यली पाहिजे.

मायनं नवं पांढरं पातळ काढून ठेवलं. इस्त्रीले देलं. आयुष्यात पह्यल्यांदा.

२४ नोव्हें., सोम.

काल झालं. आज लिहितो. शाळेत गेली नाही.

मांडव भरलेला. दि.च्या खांद्यावर शाल, गळ्यात हार. माय पह्यल्या रांगेत. मले माइक देला. म्हटलं, "शाहिरांचा मूळ आवाज ऐका, तीस वर्षं जुनी कॅसेट." दि. हसतच होता. टेपकडं पाह्यलं अन् हसू थांबलं.

वाजवलं. लोकं टाळीवर ताल धरून. शेवटचं कडवं आलं, 'किसन सांगे'. टाळ्या एकदम थांबल्या. मी म्हटलं, "आता यांच्या चॅनलवरचं ऐका." मोबाइल लावला. 'दिलीप सांगे'. एवढ्या मोठ्या भोंग्यावर तो जोड कानाले धडधडीत कळला. मागून एक म्हातारा ओरडला, "अबे, हे तं किसनचं गाणं हाय!" मग कल्ला. दि.नं शाल काढली, खुर्चीवर ठेवली, अन् मागच्या बाजूनं गेला. त्याची बायको तोंडाले पदर लावून त्याच्या मागं.

जे पाहिजे होतं ते सारं मिळालं. दोन महिने ज्याचा घास चघळला, तो घास.

मग लोकं म्हणे, पुन्हा वाजवा, पुरं वाजवा. पुन्हा वायर टेपले लावली, कॅसेट मागं घेतली. गाणं झालं. 'शाहीर किसन अमर रहे' अशा घोषणा. कॅसेट फिरतच होती. भोंग्यात तबला ठोकल्याचा आवाज आला. भांड्याचा. आता मायचा आवाज येणार.

मायनं माह्याकडं पाह्यलं. हनुवटी वर केली, चालू दे म्हणून.

लोकं घोषणा देऊन राह्यले होते. इंझोरीच्या त्या दोन पोरी तिसऱ्या रांगेत होत्या.

मी बटन दाबलं. बंद.

२५ नोव्हें.

माय बोलत नाही. बसमधेही बोलली नव्हती. जेवण वाढून देते, बसते, उठते. मी म्हटलं, "माय, योग्य वेळी सांगू." तिनं भाकरी पलटवली.

२७ नोव्हें.

दि.नं गाणं चॅनलवरून काढलं. फोन येऊन राह्यलेत, "बापाचं नाव राखलं ताई तुमी." शाळेत टाळ्या. राठोड सर मांडवात होते. त्यांनी पुढचं ऐकलेलं नाही, पण म्हणाले, "मॅडम, तुमी बटन घाईत दाबलं." म्हटलं, कॅसेट अडकली होती.

खोटं बोलली.

३० नोव्हें., रवि.

माय आज बोलली. एकच वाक्य. "तुह्या बापानं बी असंच केलं, लोकं पाहून."



४ डिसें.

शाळेतून आली तं माय हेडफोन घालून बसलेली. टेप सेलवर, वायर बरोबर भोकात, डबीचं बारीक बटन जास्तीवर. कोणी शिकवलं? पाहत असेल दोन महिने. डोळे मिटलेले. ओठ हालत होते, अण्णाच्या आधी, अर्धी ओळ आधी.

मी चप्पल न वाजवता वापस ओट्यावर गेली.

७ डिसें., रवि.

दुपारी दारात दि. मी उठलीच, म्हटलं, "इथं काय काम तुहं?"

माय आतून : "मी बलावलं त्याले. बस रे."

वाळला होता. माह्याकडं पाह्यलं नाही. मायनं हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवला, कॅसेट पुढं नेली, बरोबर जागी. तिले जागा पाठ आहे.

पंधरा मिनिटं तो बसून राह्यला. मग हात गुडघ्यावरून खाली घसरला. हेडफोन काढून मायकडं पाहत राह्यला.

"काकू, हे तू?"

"मीच."

"वंदीले माहीत होतं?"

माय हेडफोनची वायर गुंडाळू लागली. त्यानं आता पह्यल्यांदा माह्याकडं पाह्यलं. त्या नजरेत काय होतं ते मले ओळखू आलं. तीन महिने माह्या आरशात तेच होतं.

"काकू," तो म्हणे, "मी लावतो हे. पुरंच्या पुरं. 'शब्द : शेवंताबाई'. माही चोरी बी सांगतो त्यात, अण्णाची बी. अन् मालेगावात बटन कोणी दाबलं ते बी सांगतो."

"तू मायच्या नावावर सूड काढून राह्यला," मी म्हटलं.

"तू बापाच्या नावावर काढला न?"

माय म्हणे, "वंदे, चहा ठेव."

"माय, याचं आयकू नोको. मीच लावतो, मी..."

"चहा ठेव म्हटलं न."

गेली. गॅस पेटवला. दुधाचं भांडं खळखळ वाजलं. बाहेर दि. काहीतरी विचारत होता, माय सावकाश काहीतरी सांगत होती. एक शब्द कळला नाही. गॅस बारीक केला तवर दोघं गप्प झाले होते.

चहा घेऊन आली तं दि. निघून गेलेला. टेपचं झाकण उघडं. आत कॅसेट नाही.

"माय, देली काय त्याले?"

एक हात कमरेवर, पातळ खोसते तिथं ठेवून तिनं बशीत चहा ओतला, फुंकला, प्याली.

"हाय," म्हणे. "पाहिजे तिथं हाय."